शिंगांचा देव

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

आजच्या व्याख्यानाचं निमंत्रण तुमच्या फोनवर आलं, त्यावर एक चित्र आहे. बोकडाचं डोकं, पाठीला पंख, कपाळावर पाच टोकांची चांदणी, एक हात वर आणि एक खाली. आयोजकांनी 'विक्का' हा शब्द शोधला असेल आणि इंटरनेटनं हेच पुढे टाकलं असेल. मी त्यांना दोष देत नाही. उलट सुरुवात त्या चित्रापासूनच करते, कारण विक्का म्हणजे सैतानाची पूजा, हा आपला आजचा सगळा गोंधळ त्यात आहे. ते चित्र एलिफास लेव्ही नावाच्या फ्रेंच माणसाचं, 1850 च्या दशकातलं. हा लेव्ही तरुणपणी पाद्री व्हायला निघाला होता, पुढे गूढविद्येकडे वळला. नर आणि मादी, उजेड आणि अंधार, असं सगळं एका देहात दाखवायचा त्याचा प्रयत्न होता. पुढे अमेरिकेतल्या सैतानवाद्यांनी त्याचं चित्र उचललं, ती वेगळी गोष्ट. लेव्हीनं ते काढलं तेव्हा विक्का हा, एक देवी आणि एक शिंगांचा देव पूजणारा, इंग्लंडमधला नवा धर्म जगात यायला जवळजवळ शंभर वर्षं बाकी होती.

मी विक्कन नाही. मंत्रानं काही घडतं यावर माझा विश्वासही नाही. मी फार्मसिस्ट आहे, आयुष्य औषधांच्या बाटल्या मोजण्यात गेलं. पण त्यातली नऊ वर्षं मी इंग्लंडच्या लँकशर परगण्यात, बर्नली नावाच्या गावात होते आणि माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण विक्कन होती. साठीची बाई. वृद्धाश्रमात रात्रपाळीला नर्स. पहाटे घरी यायची तेव्हा तिच्या पावलांचा आवाज माझ्या जिन्यावर ऐकू यायचा.

तिच्या दिवाणखान्यात, शिवणयंत्राच्या जुन्या टेबलावर, तिचं देवघर होतं. मी ते पुष्कळदा नीट पाहिलं आहे. एका बशीत मीठ. शिंपल्यात पाणी. एक मेणबत्ती, एक उदबत्ती. भाजलेल्या मातीची हातभर उंचीची एक बाई, पोट मोठं, चेहरा नुसता दाबून केलेला. तिच्या शेजारी हरणाचं एक शिंग. नर हरणं दरवर्षी शिंगं टाकतात, तसलं ते तिला रानात फिरताना सापडलेलं. आणि एक काळ्या मुठीची सुरी. मी आधी त्या सुरीबद्दलच विचारलं. तुम्हीही तेच विचारलं असतं. ती म्हणाली, "हिनं काही कापायचं नसतं. पूजेला बसण्याआधी हिच्या टोकानं हवेत वर्तुळ आखायचं. भाजी चिरायची सुरी स्वयंपाकघरात आहे."

31 ऑक्टोबरला, ज्या सणाला ते सावन (Samhain) म्हणतात, त्या टेबलावर तिच्या वारलेल्या आईचा फोटो यायचा आणि फोटोपुढे चहाचा कप आणि दोन बिस्किटं. आईला आवडायची तीच. आपण पितृपक्षात पान वाढतो, त्यात काकांना आवडायची म्हणून गवारीची भाजी आठवणीनं ठेवतो. मला त्या कपाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही.

एकदा धीर करून विचारलं, "यात सैतान कुठे आहे?" ती रागावली नाही. म्हणाली, "तो आमचा नाही. तो चर्चचा आहे."

या एका वाक्याचा मी पुढे खूप अभ्यास केला, आणि ते शब्दशः खरं आहे. सैतान ही एका विशिष्ट धर्मकथेतली व्यक्तिरेखा आहे. सर्वशक्तिमान एकच देव, त्याच्याविरुद्ध बंड करणारा एक दूत, आणि माणसाच्या आत्म्यासाठी दोघांची ओढाताण. ही कथा मानली तरच सैतान आहे. ज्याच्या धर्मात ती कथाच नाही, तो सैतानाची पूजा करणार कशी? सैतानाला भजायचं तर आधी बायबलची चौकट मान्य करावी लागते. एवढंच कशाला, 1966 साली सॅन फ्रान्सिस्कोत अँटन लाव्हे यानं 'चर्च ऑफ सेटन' काढलं, तेदेखील बव्हंशी निरीश्वरवादी. त्यांच्यासाठी सैतान हे बंडखोरीचं प्रतीक. त्यांचा आणि माझ्या शेजारणीचा काडीचा संबंध नाही.

मग विक्का म्हणजे काय? जेराल्ड गार्डनर नावाचा इंग्रज होता. तो मलायात आधी मळ्यांवर आणि मग सरकारी कस्टम्स खात्यात नोकरी करून 1936 साली निवृत्त झाला. 1939 साली न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गुप्त मंडळानं आपल्याला दीक्षा दिली, असं तो सांगायचा. 1951 साली ब्रिटनमधला जुना चेटूकविरोधी कायदा रद्द झाला, आणि 1954 साली त्यानं या पंथावर उघडपणे पुस्तक लिहिलं. 'विक्का' हा जुन्या इंग्रजीतला शब्द, तेव्हा त्याचा उच्चार 'विच्चा'च्या जवळचा होता. डोरीन व्हॅलिएंटे या कवयित्रीनं त्याच्या विधींना भाषा दिली. गार्डनरनं इकडून तिकडून घेतलेले उतारे तिनं वेचून काढून टाकले आणि देवीच्या तोंडचं एक फार सुंदर निवेदन लिहिलं. या पंथात एक देवी आहे, तिचा जोडीदार शिंगांचा देव आहे, वर्षातले आठ सण आहेत, सूर्याचे आणि शेतीचे. पाच टोकांची चांदणी म्हणजे पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि पाचवं आत्मतत्त्व. पंचमहाभूतं ज्याला पाठ आहेत त्याला ती चांदणी परकी वाटायचं कारण नाही. आणि त्यांचं वचन एका ओळीचं: कुणाला इजा होत नसेल, तर तुला वाटेल ते कर.

गार्डनरच्या मंडळात विधी कपड्यांविना होत. हे लपवण्यात अर्थ नाही. पन्नासच्या दशकातल्या रविवारच्या वर्तमानपत्रांना तेवढं पुरलं.

आणि शिंगं. डेन्मार्कमध्ये 1891 साली दलदलीत चांदीचं एक मोठं पात्र सापडलं, त्यावर मांडी घालून बसलेला, सांबरासारखी शिंगं असलेला पुरुष आहे, भोवती प्राणी. पॅरिसमध्ये 1710 साली नोत्र दाम चर्चखालून निघालेल्या रोमनकालीन स्तंभावर शिंगांचा असाच एक देव, नावासकट: केर्नुन्नोस. शिंगं म्हणजे रान, शिकार, दरवर्षी गळून पुन्हा उगवणारं बळ. बायबलात बोकडाच्या खुरांचा सैतान कुठेही नाही. ते रूप त्याला पुढच्या चित्रकारांनी दिलं, आणि मग ज्या ज्या देवाला शिंगं, तो तो सैतान असा उलटा हिशेब सुरू झाला. 'पेगन' हा शब्द पाहा. लॅटिनमध्ये पेगानुस म्हणजे खेडवळ. शहरं ख्रिस्ती झाली तरी आपला जुना देव न सोडणाऱ्यांना हा शब्द चिकटला.

आता पेंडलबद्दल, तिथल्या चेटकिणींच्या खटल्याबद्दल. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पेंडलचा डोंगर दिसायचा. 18 मार्च 1612 या दिवशी त्या डोंगराच्या परिसरातली ॲलिझन डिव्हाइस नावाची गरीब मुलगी कोल्नजवळ एका फेरीवाल्याला भेटली. तिनं टाचण्या मागितल्या. त्यानं दिल्या नाहीत. ती काहीतरी पुटपुटली, आणि थोड्याच वेळात तो कोसळला, तोंड वाकडं, एक बाजू लुळी. माझ्या दुकानात रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांना झालेला असतो, तसला तो अर्धांगवायू असणार. पण पोरीलाच वाटलं आपण केलं. तिनं रडत त्याची माफी मागितली, आणि तेच तिचं कबुलीपत्र झालं. मग तिची आजी, ऐंशीच्या आसपासची, आंधळी. आजीनं सांगितलं की पूर्वी दगडाच्या खाणीपाशी एक भूत मुलाच्या रूपात भेटलं होतं, अर्धा काळा अर्धा तपकिरी कोट घातलेलं. न्यायाधीशांना त्यात सैतान दिसला. आजी खटल्याआधीच लँकेस्टरच्या तुरुंगात मेली.

खटल्यात मुख्य साक्षीदार कोण? ॲलिझनची धाकटी बहीण जेनेट, नऊ वर्षांची. तिला पाहून आई इतकी ओरडायला लागली की आईला बाहेर काढावं लागलं, आणि मग सगळ्यांना दिसावी म्हणून पोरीला टेबलावर उभं केलं. तिनं आई, भाऊ, शेजारी, सगळ्यांची नावं घेतली. 20 ऑगस्टला लँकेस्टरमध्ये दहा जणांना फाशी दिलं.

आणि त्या घरातले मंत्र? ते नोंदवलेले आहेत. त्यात गुड फ्रायडेचा उपास आहे, क्रूस आहे, मोडक्यातोडक्या लॅटिनमधला क्रूसाचा उल्लेख आहे. म्हणजे त्या कॅथलिक काळातल्या जुन्या प्रार्थना होत्या, आजीकडून नातवाकडे आलेल्या. सैतानाच्या भक्तीचा पुरावा म्हणून येशूची प्रार्थना वाचून दाखवली गेली. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

1634 साली दहा वर्षांच्या एका मुलाच्या सांगण्यावरून तिथे पुन्हा धरपकड झाली. त्या आरोपींत जेनेट डिव्हाइस हे नाव आहे. बहुधा तीच. मुलानं नंतर आपण खोटं बोललो असं कबूल केलं. तरी 1636 सालच्या तुरुंगाच्या यादीत तिचं नाव आहेच.

इथे मला विक्कन मंडळींनाही एक गोष्ट सांगायची आहे, आणि माझ्या शेजारणीला मी ती सांगितली होती. पेंडलच्या बायका तुमच्या पूर्वज नव्हत्या. त्या ख्रिस्तीच होत्या. मार्गारेट मरे या विदुषीनं 1921 साली मांडलं की युरोपात एक प्राचीन धर्म गुप्तपणे टिकून होता आणि चेटकिणी म्हणून मारलेले लोक त्याचे अनुयायी होते. गार्डनरनं तेच धरलं. इतिहासकारांनी ते केव्हाच खोडून काढलं आहे. नव्वद लाख बायका जाळल्याचा आकडा फिरतो, तोही चुकीचा. अभ्यासकांचा अंदाज तीन शतकांत चाळीस ते साठ हजार माणसांचा आहे, आणि त्यात पुरुषही आहेत. हा आकडा पुरेसा भयंकर आहे, तो फुगवायची गरज नाही. मी असं म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "धर्म नवा असला तर खोटा असतो का?" माझं उत्तर नाही असंच होतं.

तुम्ही म्हणाल, चारशे वर्षांपूर्वीचं झालं. मे 1993 मध्ये अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यात, वेस्ट मेम्फिस या गावात, आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. पोलिसांनी तीन पोरं पकडली. त्यातला डेमियन एकोल्स अठरा वर्षांचा, काळे कपडे घालणारा, विक्कावर वाचणारा. हा सैतानासाठी दिलेला बळी, असं सरकारी पक्षानं मांडलं. एकोल्सला मृत्युदंड झाला. गुन्ह्याच्या जागेवर मिळालेला डीएनए तिघांपैकी कुणाशीही जुळला नाही, आणि ऑगस्ट 2011 मध्ये ते सुटले. अठरा वर्षांनी! त्या काळात अमेरिकाभर सैतानी टोळ्यांची भीती पसरली होती. एफबीआयच्या केनेथ लॅनिंगनं 1992 सालच्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की अशा संघटित नरबळींचा पुरावा नाही. ज्युरीच्या मनातली भीती त्या अहवालानं गेली नाही.

नेव्हाडा राज्यातला सार्जंट पॅट्रिक स्ट्युअर्ट 2005 साली अफगाणिस्तानात मारला गेला. तो विक्कन होता. लष्करी स्मारकांसाठी तीसहून अधिक धर्मचिन्हं मान्य होती, निरीश्वरवाद्यांचंही होतं, पण चांदणी नव्हती. त्याच्या पत्नीनं दुसरं चिन्ह घेतलं नाही. स्मारकभिंतीवरची त्याची जागा कोरी राहिली. कोर्टकचेरीनंतर एप्रिल 2007 मध्ये चांदणी मान्य झाली.

माझ्या शेजारणीच्या वाट्याला आलं ते यापुढे लहान. मुलगा सात वर्षांचा असताना त्यानं शाळेत चंद्राच्या पूजेबद्दल सांगितलं. त्यानंतर त्याच्या वाढदिवसाला कुणीही आलं नाही. तिनं केक रात्रपाळीला नेला आणि वृद्धाश्रमातल्या आजीआजोबांना वाटला.

हे सगळं आपल्याला का सांगते? कारण हीच नजर आपल्यावरही फिरली आहे. 1498 साली वास्को द गामाची माणसं कालिकतच्या देवळात शिरली. त्यांना ते चर्च वाटलं. भिंतीवर चार-पाच हातांच्या, दात बाहेर आलेल्या आकृत्या होत्या. त्यांच्यातला जुआंव द सा गुडघे टेकताना म्हणाला, हे सैतान असतील तर मी खऱ्या देवाला वंदन करतोय. काही वर्षांनी व्हार्थेमा हा इटालियन प्रवासी आला आणि त्यानं लिहिलं की कालिकतचा राजा 'देउमो' नावाच्या सैतानाची पूजा करतो. तो शब्द आपल्या कानाला काय ऐकू येतो, ते सांगायला नको. त्याच्या पुस्तकाच्या जर्मन आवृत्तीत त्या 'सैताना'चं शिंगांसकट चित्र छापलं. गोव्यात आमोण्याचा वेताळ बघा. उग्र, नागवा. परक्याला भूत वाटेल. गावाला तो राखणदार आहे.

आणि आपले हातही स्वच्छ नाहीत. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारलं आहे. चेटूक, करणी, भुताळी हे आपलेच शब्द, आणि 'विक्का'चं भाषांतर आपण चटकन त्यांतच करून टाकतो. 2013 साली आपल्या राज्यानं जादूटोणाविरोधी कायदा केला, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे, ते मुद्दाम वाचा. एखादी व्यक्ती सैतान आहे किंवा सैतानाचा अवतार आहे असं जाहीर करणं, हा गुन्हा आहे.

एक शेवटची गोष्ट सांगते. माझी आई बर्नलीला आली होती, तेव्हा शेजारणीनं आम्हाला चहाला बोलावलं. आईला इंग्रजी येत नव्हतं. ती त्या टेबलापुढे थांबली, शिंगाकडे पाहिलं, मातीच्या बाईकडे पाहिलं. चपला दाराशी काढून आली. मग पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि मला म्हणाली, "विचार तिला, लावू का? चालतं का त्यांच्यात?"

मी विचारलं. शेजारीण म्हणाली चालतं, पण हे कशापासून करतात ते सांग. हळद आणि चुना, मी सांगितलं. तिनं पूजेची वही उघडून तारीख घातली आणि लिहून घेतलं.