चौथी सीट आणि सुखाचा हिशोब

(दृश्य: सकाळ. सीएसएमटीकडे निघालेली फास्ट लोकल, लेडीज डबा.)

ठाणं सुटलं की डब्यात एकच प्रश्न फिरू लागतो.
"कुठे?"
"दादर."
"कुणी सांगून ठेवलंय?"
"हो, त्या निळ्या ड्रेसवालीने."
झालं, दादरला रिकाम्या होणाऱ्या जागेचा व्यवहार संपला. तिघींच्या बाकावर चौथी टेकलेली. अर्धी सीटवर, अर्धी अधांतरी. मांडीवर पिशवी, पिशवीत मटार. सोलता सोलता ती समोरचीला सांगतेय, धाकट्याचा ताप उतरला, पण आता स्वारी शाळेत जायला तयार नाही. समोरची हसते आणि न विचारता मूठभर शेंगा स्वतःच्या ओढणीत घेते.

माणूस कशाने सुखावतो हे बघायला कुणी या डब्यात येणार नाही. अभ्यासकांचे आकडेही उलटच सांगतात. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला लावला. काय करत होतात, सोबत कोण होतं, कसं वाटत होतं? यादीच्या तळाला काय निघालं? सकाळी कामावर जाण्याचा प्रवास. घरकामाच्याही खाली.

मग या मटारवालीचं काय?

(दृश्य: प्लॅटफॉर्मवर हेडफोन लावून उभे असलेले प्रवासी.)

याचं उत्तर शिकागोच्या गाड्यांमध्ये थोडंफार सापडतं. निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर या संशोधकांनी तिथल्या प्रवाशांचे गट केले. काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना, गप्प बसा. उरलेल्यांना, रोजच्यासारखं वागा. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. बोलणाऱ्यांचा प्रवास सगळ्यांत चांगला गेला होता. गंमत पुढेच आहे. दुसऱ्या प्रवाशांना आधी अंदाज विचारला, तर ते म्हणाले होते, गप्प बसणंच बरं. जो तो समजत होता की आपल्याला बोलायचंय, पण समोरच्याला नको असेल.

म्हणजे आपल्याला कशाने बरं वाटेल, याचा आपला स्वतःचाच अंदाज चुकतो. मुंबईत हा अंदाज बांधायला उसंतच मिळत नाही. गर्दी ढकलून तुम्हाला कुणाच्या तरी खांद्यावर नेऊन आदळते. पहिल्या दिवशी भांडण, चौथ्या दिवशी "आज उशीर?", आणि वर्षाने त्याच बाईच्या मुलीच्या लग्नाला अख्खा डबा हजर. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं याच वाटेने जमली. टाळ पिशवीत, ढोलकी रॅकवर. दसऱ्याला डब्याला झेंडूचं तोरण लागतं, पेढे वाटले जातात. पश्चिम रेल्वेची चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल १९९२ मध्ये सुरू झाली. त्या गाडीने किती मैत्रिणी जोडून दिल्या, याची नोंद रेल्वेकडे नसणार.

एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट करायला हवी. हे 'मुंबई स्पिरिट'चं कौतुक नाही. दारात लोंबकळणारा माणूस सुखी नसतो, त्याला घरी वेळेत पोचायचं असतं. गाड्या वाढायला हव्यात, लवकर हव्यात. आनंद गर्दीने दिलेला नाही, गर्दीत माणसांनी एकमेकांना जागा करून दिली म्हणून तो आला.

(दृश्य: लांबच्या उपनगरातल्या नव्या इमारती, जाहिरातींचे फलक.)

आता घराचं बघू. दादरच्या चाळीतली खोली विकायची आणि बदलापूर किंवा विरारला वन बीएचके घ्यायचा, हा हिशोब इथल्या घराघरांत कधी ना कधी मांडला गेलाय. स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतःचा संडास. हे सुख खरंच आहे, त्याला नाक मुरडणाऱ्याने आधी सार्वजनिक नळावर रांग लावून बघावी. पण हिशोबात एक रक्कम लिहायची राहते. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासली. अर्थशास्त्राच्या नियमाने लांबच्या प्रवासाची भरपाई चांगल्या घरातून किंवा पगारातून व्हायला हवी. तशी ती झालेली दिसली नाही. जितका प्रवास लांब, तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. नव्या हॉलची सवय होते, टाइल्स दिसेनाशा होतात. प्रवास मात्र रोज नव्याने छळतो: आज सिग्नल बिघडला, उद्या पाणी भरलं.

मग घर घेऊच नये का? घ्यावं. फक्त चौरस फुटांशेजारी तासही मांडावेत, आणि संध्याकाळी दार वाजवून "अहो, वाटीभर साखर आहे का?" विचारणारं कुणी तिथे असेल का, हेही बघून यावं. सॅम्पल फ्लॅटमध्ये ते दाखवत नाहीत.

(दृश्य: अंधेरी, लोखंडवाला. पहाटेचं उद्यान.)

सुखी व्हायला शिकता येतं का? याच शहरातल्या एका डॉक्टरने प्रयत्न केला. १३ मार्च १९९५. मदन कटारिया लोखंडवालाच्या बागेत उतरले, सोबतीला मोजकी माणसं, सगळी मिळून पाच. गोल करून विनोद सांगायचे आणि हसायचं. मंडळी वाढली, पण दोनेक आठवड्यांत विनोद संपले. उरले ते कुणाला तरी टोचणारे. क्लब तिथेच बंद पडला असता. कटारियांनी विनोदच काढून टाकले: कारण नको, नुसतं हसायचं. आधी खोटं, मग समोरच्याचं तोंड बघून खरं. आज जगभर हास्यक्लब चालतात.

हसण्याने तब्येत किती सुधारते, यावर डॉक्टरांना वाद घालू द्या. आमचं लक्ष दुसरीकडे गेलं. या गोलात एक दिवस दांडी मारली, तर दुसऱ्या दिवशी "काल दिसला नाहीत?" म्हणणारे चार जण असतात. शिकागोच्या प्रवाशांना प्रयोगासाठी जे करावं लागलं, ते इथे बागेच्या फाटकातच होऊन जातं. आणि "हो हो, हा हा हा" करायची लाज वाटत असेल, तर मागच्या रांगेत नुसत्या टाळ्या वाजवणारे दोन काका आहेत. त्यांच्या शेजारी जागा आहे.