बडोद्यातलं क्लॅटचं वर्ष

(मांडवी, सकाळची वेळ. रिक्षा, फुलवाले, दुकानांची शटर वर जाताना. कॅमेरा ग्रंथालयाच्या दारातून आत.)

मांडवीच्या गर्दीतून जरा बाजूला वळलं की मध्यवर्ती ग्रंथालय लागतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं आणि संस्थानात गावोगावी वाचनालयं उघडण्याचं काम हाती घेतलं. त्या सगळ्या कामाचं केंद्र म्हणजे हे ग्रंथालय. इथली पुस्तकांची मांडणी पोलादी आहे आणि मजल्यांच्या फरश्या जाड काचेच्या, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून.

इथंच वर्तमानपत्र वाचत बसलेली एक मुलगी आम्हाला भेटली. दांडिया बाजारात राहते. बारावीला आहे आणि क्लॅट देणार आहे. बोलायला लगेच तयार झाली. नाव मात्र आत्ता नको म्हणाली, निकाल लागल्यावर सांगा.

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. २००८ च्या आधी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी असे, फॉर्म वेगळा, प्रवास वेगळा. आता पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एकच पेपर असतो. १२० प्रश्न, १२० मिनिटं. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचा तर्क, नुसता तर्क आणि दहावीच्या पातळीचं थोडं गणित. २०२० पासून जवळपास सगळा पेपर उताऱ्यांवर असतो. साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा वाचायचा, त्यावरचे चार-सहा प्रश्न सोडवायचे, पुढच्या उताऱ्याकडे वळायचं. दोन तास हेच.

(घर. टेबलावर दिनदर्शिका. जून ते डिसेंबरची पानं उलटताना.)

पूर्वी ही परीक्षा मे महिन्यात, बोर्ड आटोपल्यावर व्हायची. आता ती डिसेंबरात असते. गेली काही वर्षं पहिल्या रविवारी, दुपारी दोन ते चार. म्हणजे बोर्डाचा अभ्यास अर्धा झालेला, शाळेच्या चाचण्या चालू, आणि मध्येच हा पेपर. जूनमध्ये सगळ्यांनाच हुरूप असतो. नवी पुस्तकं, नवं वेळापत्रक, भिंतीवर चिकटवलेला मोठा कागद. खरी परीक्षा सुरू होते गणपतीच्या आसपास.

तोवर दर आठवड्याला मॉक टेस्ट लागलेल्या असतात. पहिले दोन महिने गुण भराभर वाढतात, कारण पेपरची सवय होत असते. मग वाढ थांबते. वाचनाचा वेग आणि समज यांत फरक पडायला वेळ लागतो, तो आठवड्याच्या आलेखात दिसत नाही. मुलांना मात्र वाटतं, आपली मजल इथवरच. त्यात टेलिग्रामच्या ग्रुपवर कुणीतरी शंभरच्या वरच्या गुणांचा फोटो टाकतं. दांडिया बाजारातली आमची मैत्रीण सप्टेंबरात आठवडाभर पुस्तकांना हातच लावत नव्हती, असं तिच्या आईनं सांगितलं. ओरडून झालं, समजावून झालं, प्रेरणादायी व्हिडिओ पाठवून झाले. त्या व्हिडिओंबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. पहाटे चारला उठा आणि जग जिंका, असं सांगणारा आवाज अर्धा तास अंगात वारं भरतो. नंतर पुन्हा तोच पेपर, तोच उतारा, आणि आता जोडीला अपराधी वाटणं.

मग ती पुन्हा बसली कशी? वहीमुळे आणि आत्यामुळे.

(क्लोज-अप : दोनशे पानी वही. निळ्या शाईतले प्रश्न, लाल शाईतली कारणं.)

ही तिची चुकांची वही. मॉकचे गुण तिनं यात लिहिलेलेच नाहीत. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे फक्त कारण आहे. ‘नीट वाचलं नाही.’ ‘दोन पर्यायांत घाई केली.’ ‘माहीत नव्हतं, तरी ठोकून दिलं.’ हे पान जरा थांबून पाहू.

उताऱ्यात नियम दिला होता. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करण्याच्या, किंवा तिथल्या माणसाला धमकावण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या, त्याला त्रास देण्याच्या हेतूनं शिरणं म्हणजे फौजदारीपात्र अतिक्रमण. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, हे कलम ३२९ मध्ये आहे. आणि प्रसंग असा : उत्तरायणाला कापलेला पतंग शेजारच्या गच्चीवर पडतो. मुलगा कठडा ओलांडून तो आणायला जातो. घाईत त्याचा पाय लागून कुंडी फुटते. हे फौजदारीपात्र अतिक्रमण झालं का?

तिनं ‘हो’ ला खूण केली होती. न विचारता शिरला, नुकसान केलं, मग गुन्हा. संध्याकाळी सहज तिनं हा प्रश्न घरात वाचून दाखवला. आत्या म्हणाली, “अगं, आपल्याच गच्चीवर झालंय हे. त्या पोराला काय त्रास द्यायचा होता? पतंग हवा होता त्याला.” तिथं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नियमात सगळा भर हेतूवर आहे. पतंग आणायला जाण्यात वाईट हेतू नाही, म्हणजे हा गुन्हा नाही. कुंडीची भरपाई मागायची तर ती निराळी बाब, पण प्रश्न तिचा नव्हता. आत्याचं यावर समाधान झालं नाही, कुंडी महाग होती. पाऊण तास वाद झाला. वहीत लाल शाईनं लिहिलंय : ‘उताऱ्यातला नियम सोडून स्वतःचं मत लावलं.’

कायद्याच्या भागात मुलांचे बहुतेक गुण याच चुकीनं जातात. पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या पाऊण तासात तिला कुणी अभ्यासाला बसवलं नव्हतं. कायदा तिच्या घरात, तिच्या गच्चीवर होता, आणि तिला तो आवडत होता. दुसऱ्या दिवशी ती आपणहून टेबलाशी गेली.

(रात्र. गरब्याचं मैदान, वर्तुळात फिरणारे घागरे. आवाज हळूहळू कमी.)

बडोद्यात क्लॅट देणाऱ्या मुलांपुढे अजून एक पेच असतो, तो म्हणजे नवरात्र. नऊ रात्री सगळं शहर मैदानावर असतं आणि परीक्षा जेमतेम दोन महिन्यांवर आलेली असते. मुलांना कोंडून ठेवणारे आईबाप आम्हाला भेटले. आमचं ऐकाल तर मुलांना जाऊ द्या. खिडकीतून ढोल ऐकत उतारा वाचणाऱ्या मुलाचं लक्ष उताऱ्यात नसतंच.

आणि हा गरबा रात्री किती वाजेपर्यंत चालू शकतो, हाही कायद्याचाच प्रश्न आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला मनाई करतात. पण सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्री बारापर्यंत वाढवू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये ही सवलत कायम ठेवली. झोपू पाहणाऱ्या आजोबांचा हक्क एका बाजूला, उत्सव दुसऱ्या बाजूला. क्लॅटचे उतारे याच घडणीचे असतात. एका मुलानं आम्हाला सांगितलं, की बाराच्या ठोक्याला स्पीकर बंद झाला तेव्हा मित्रांच्या घोळक्यात नियम समजावून सांगणारा तो एकटाच होता. सांगताना त्याचा चेहरा खुलला होता.

(मोबाईलचा पडदा : न्यायालयाची सुनावणी. न्यायमूर्ती, वकील, फायली.)

आणखी एक साधन गुजरातच्या मुलांच्या अगदी हाताशी आहे आणि फार थोडी मुलं ते वापरतात. गुजरात उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये प्रायोगिक पातळीवर सुनावण्या यूट्यूबवर थेट दाखवायला सुरुवात केली, देशातल्या इतर उच्च न्यायालयांच्या आधी. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. वकील पुटपुटतात, तारखा पडतात, कुणाचा तरी माईक बंद असतो. चार-पाच वेळा पाहिलं की प्रश्न कुठे अडला आहे ते समजायला लागतं. न्यायमूर्ती वकिलाला मध्येच थांबवून विचारतात, “पण हे कलम इथं लागू कसं होतं?” वहीतली लाल शाई हेच विचारते. मन उडालं असेल त्या दिवशी अर्धा तास ही सुनावणी पाहावी.

भाषेचंही बोललं पाहिजे. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. आमच्या मैत्रिणीच्या घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, पेपर इंग्रजी. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जे एका वाचनात समजतं, त्याला इतरांना दोन वाचनं लागतात, आणि घड्याळ सगळ्यांसाठी तेच. परीक्षा इतर भारतीय भाषांतही घ्यावी, अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली होती. आम्हाला ती मागणी न्याय्य वाटते. तोवर अशा मुलांनी स्वतःला मंद समजू नये, आणि घरच्यांनी तर मुळीच समजू नये.

(सयाजीबाग परिसर. संकल्पभूमी. वडाचं झाड.)

बडोद्यात कायदा शिकू पाहणारी मुलं इथं येतात. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये इथं नोकरीवर रुजू व्हायला आले. वय सव्वीस. शहरात त्यांना राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना तिथून बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले तास त्यांनी कमाटीबागेत काढले, म्हणजे आजच्या सयाजीबागेत. तिथल्या वडाखाली ते बसले होते असं सांगतात, तीच ही संकल्पभूमी. पुढे ते लंडनला ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षही.

ही हकीकत पुष्कळदा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण त्या दिवशी त्यांना रोखणारं जे होतं ते अस्पृश्यता होतं, आणि आज संविधानाचा अनुच्छेद १७ ते बेकायदा ठरवतो. क्लॅटच्या उताऱ्यात अनुच्छेद १७ आला तर या झाडाखाली उभं राहून गेलेल्या मुलाला तो वेगळा कळेल. संविधान दिन २६ नोव्हेंबरला असतो, परीक्षेच्या साधारण आठवडाभर आधी. त्या दिवशी मॉक सोडून इथं यावं, असं आम्ही प्रत्येक मुलाला सांगू.

(पुन्हा घर. रविवार, दुपार.)

नोव्हेंबर उजाडला तशी तिनं मॉकची वेळ बदलली. सकाळी मेंदू ताजा असतो म्हणून ती आजवर सकाळीच पेपर सोडवत आली होती. पण खरा पेपर जेवणानंतर, डोळे मिटू लागतात त्या वेळी आहे. आता रविवारी बारा वाजता हलकं जेवण, दोनला पेपर, मोबाईल आत्याकडे. गुण थोडे घसरले, मग सावरले. रात्रीची जागरणं तिनं बंद केली आहेत.

या वर्षी जमलं नाही तर? क्लॅटला वयाची वरची अट नाही, पुन्हा देता येते. सयाजीराव विद्यापीठाची विधी विद्याशाखा तर घरापासून जवळच आहे. हे तिच्या वडिलांनी आमच्यासमोर, तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ती काही बोलली नाही, पण वही बंद करून चहा घ्यायला बाहेर आली.

जागा मिळाली तर पसंतीक्रम काय भरायचा, यावर घरात एकमत नाही. वडिलांचं म्हणणं गांधीनगर, दोन-अडीच तासांत घरी येता येतं. आईला भोपाळ हवं, तिथं मावशी आहे. आणि हिनं फॉर्म यायच्या आधीच पहिल्या क्रमांकावर बेंगळुरू लिहून ठेवलंय.