शेवटच्या दर्शनाची तयारी: अमेरिकेत अंत्यसेवा शिकणारे विद्यार्थी

[दृश्य: कॉलेजची प्रयोगशाळा. टेबलावर प्लास्टिकची कवटी, तिच्यावर अर्धवट चढवलेला मेणाचा चेहरा. एक विद्यार्थिनी कान घडवते आहे.]

कानाची उंची चेहऱ्याच्या उंचीच्या एक तृतीयांश. नाकाची लांबीही तेवढीच. डोळ्याची रुंदी चेहऱ्याच्या रुंदीच्या एक पंचमांश, आणि नाकपुड्यांपाशी नाक एका डोळ्याएवढं रुंद. ही मापं इथल्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. अपघातात कान तुटलेला माणूस टेबलावर आला आणि घरच्यांनी जुना फोटो हाती दिला, की याच मापांवरून मेणाचा कान उभा करायचा असतो.

अमेरिकेत कुणी गेलं की घरच्यांचा फोन फ्युनरल होमला जातो. पार्थिव आणणं, मृत्युदाखल्याचे कागद, अंत्यदर्शन, दफन किंवा दहन, सगळं तिथली माणसं बघतात. आपल्याकडे भाऊबंद, शेजारी, गुरुजी आणि स्मशानातले कर्मचारी जे काम वाटून घेतात, ते तिथे परवानाधारक व्यावसायिकाकडे असतं. परवान्यासाठी बहुतेक राज्यांत कॉलेज, परीक्षा आणि परवानाधारकाच्या हाताखाली उमेदवारी, तिन्ही लागतात. कोलोरॅडोने 1983 मध्ये परवान्याची अट काढून टाकली होती. मृतदेहांच्या हेळसांडीची प्रकरणं उघडकीला आल्यावर 2024 मध्ये ती परत आणणारा कायदा झाला.

या विद्यार्थ्यांची फ्रॅटर्निटीसुद्धा असते, म्हणजे कॉलेजात एकत्र आलेल्या सभासदांची संघटना. अमेरिकन सिनेमामुळे फ्रॅटर्निटी म्हणजे पार्ट्यांचं घर, एवढंच आपल्याला ठाऊक. त्या सामाजिक फ्रॅटर्निटी. व्यावसायिक फ्रॅटर्निटीत सभासद एका विषयाचे असतात: वकिली, औषधनिर्माण, दंतवैद्यक. अंत्यसेवा शिकणाऱ्यांसाठी पाय सिग्मा एटा आहे. नाव ग्रीक अक्षरांचं, सभासद होताना विधी, गळ्यात पदक, हा थाट तिथेही आहेच. पण तिचा खरा उपयोग कळायला हे विद्यार्थी काय शिकतात ते आधी पाहायला हवं.

[दृश्य: यादवी युद्धातली जुनी छायाचित्रं. लिंकन यांची अंत्ययात्रेची रेल्वे.]

मृतदेह रसायनांनी टिकवायची रीत, म्हणजे एम्बाल्मिंग, अमेरिकेत रुजली ती यादवी युद्धात. दक्षिणेत पडलेला सैनिक उत्तरेत घरी न्यायचा तर दिवस लागत. 1861 च्या मे महिन्यात उत्तरेच्या सैन्यातले कर्नल एल्सवर्थ मारले गेले आणि एम्बाल्मिंग करणारे थॉमस होम्स यांनी त्यांचा देह टिकवला. त्याची देशभर चर्चा झाली. 1865 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचं पार्थिव वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला निघालं, वाटेत गावोगावी लाखो लोकांनी दर्शन घेतलं, आणि एम्बाल्मिंग म्हणजे काय हे सामान्य माणसाला दिसलं. तेव्हाच्या द्रावणांत आर्सेनिक असे. ते करणाऱ्याच्याच जिवावर बेतणारं होतं. पुढे त्यावर बंदी आली आणि फॉर्मल्डिहाइडने जागा घेतली. 1882 मध्ये जोसेफ क्लार्क यांनी सिनसिनाटीत एम्बाल्मिंगची शाळा काढली. ती कॉलेजच्या रूपात आजही चालू आहे.

[दृश्य: स्टीलचं टेबल, कडेला पन्हळ, डोक्याखाली ठोकळा.]

आता प्रत्यक्ष काम. देह आला की ओळखपट्टी तपासायची, निर्जंतुक करून धुवायचा. कडक झालेले सांधे हाताने वाकवून, चोळून मोकळे करायचे. डोकं छातीपेक्षा उंच ठेवायचं. ते खाली राहिलं तर रक्त चेहऱ्यात उतरतं आणि कानामागे जांभळे डाग पडतात. एकदा पक्के झालेले डाग रसायनाने जात नाहीत, रंगाखाली लपवावे लागतात.

मग डोळे आणि तोंड. पापणीखाली प्लास्टिकची वाटी सरकवतात. तिच्यावरच्या बारीक खडबडीमुळे पापणी धरून राहते. वरची पापणी डोळ्याचा दोन तृतीयांश भाग झाकते, म्हणजे मिटल्याची रेघ खालच्या तिसऱ्या भागात यायला हवी. नवशिके ती बरोबर मध्यावर आणतात आणि माणूस ओळखू येत नाही. घरच्यांना चुकतंय काय ते सांगता येत नाही, पण चुकतंय हे कळतं. ओठांना आणि पापण्यांना आधीच मलम लावायचं, नाहीतर ते सुकून काळपट पडतात.

उजव्या गळपट्टीच्या हाडावर छेद देऊन मानेतली कॅरोटिड धमनी आणि शेजारची जुगुलर शीर वर काढतात. धमनीतून द्रावण आत, शिरेतून रक्त बाहेर. उजवीच बाजू, कारण तिथली शीर जवळजवळ सरळ रेषेत हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरते. रक्ताच्या गुठळ्या तिथेच साचतात आणि चिमट्याने काढता येतात.

द्रावणाचा हिशेब तोंडपाठ हवा. देहाच्या दर 50 पौंडांमागे, म्हणजे साधारण 23 किलोमागे, 1 गॅलन हा ठोकताळा. 150 पौंडांच्या माणसाला 3 गॅलन. बाटलीवर एक अंक असतो: 100 मिलिलिटरमध्ये किती ग्रॅम फॉर्मल्डिहाइड. समजा तो 25 आहे आणि द्रावण 2 टक्के हवं. गॅलनमध्ये 128 औंस. 128 गुणिले 2, भागिले 25. उत्तर बाटलीतला द्रव सव्वादहा औंस, बाकी पाणी. गणित सोपं आहे. अवघड आहे ते 2 टक्के की 3, हे देह पाहून ठरवणं.

कारण देह देहासारखा नसतो. कावीळ झालेल्या माणसात कडक द्रावण सोडलं तर पिवळी कातडी हिरवी पडते. फॉर्मल्डिहाइडमुळे काविळीतल्या पिवळ्या बिलिरुबिनचं हिरवं बिलिव्हर्डिन होतं. तिथे सौम्य, खास काविळीसाठी बनवलेलं द्रव वापरतात. अंगावर सूज असेल तर उलट: पाणी कमी, ताकद जास्त. दाब वाढवून घाई केली तर चेहरा फुगतो आणि फुगलेला चेहरा तासाभरात उतरत नाही. म्हणून अवघड देहात दोन्ही कॅरोटिड उघडतात, धड आधी उरकतात आणि डोक्याला वेगळं, बेताबेताने द्रावण देतात.

[दृश्य: हातमोजे घातलेला हात मृतदेहाची बोटं मनगटाकडे चोळतो आहे.]

द्रावण पोचलं की नाही ते कसं कळतं? त्यात रंग मिसळलेला असतो, त्यामुळे नखांखाली गुलाबी छटा येते. मांस घट्ट लागतं. एका हाताची बोटं पांढरी राहिली तर रस्ता कुठेतरी तुंबला आहे. आधी चोळून पाहायचं, नाही जमलं तर काखेतली धमनी उघडायची. शेवटी पोकळ्या: बेंबीच्या डावीकडे 2 इंच, वर 2 इंच, तिथून ट्रोकार नावाची लांब पोकळ सुई घालून आतला द्रव शोषून घेतात आणि छाती व पोट यांत साधारण 16-16 औंस कडक द्रव सोडतात. हे अर्धवट राहिलं तर दर्शनाच्या वेळी नाकातोंडातून पाझर येतो. टेबलाशी उभ्या माणसाला यापेक्षा जास्त धास्ती कशाची नसते.

फॉर्मल्डिहाइडची वाफ डोळ्यांना झोंबते आणि ते कर्करोगकारक आहे. सरकारी मर्यादा आठ तासांच्या सरासरीला हवेच्या दशलक्ष भागांत 0.75 भाग, आणि पंधरा मिनिटांसाठी 2. पंखा जमिनीलगतची हवा ओढणारा हवा. छताच्या पंख्याने वाफ टेबलावर वाकलेल्या माणसाच्या नाकावरूनच वर जाते.

[दृश्य: अभ्यासिका. चार-पाच विद्यार्थी, फळ्यावर धमन्यांची आकृती.]

आता फ्रॅटर्निटी. वर्ग लहान असतात, अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांच्या आत उरकतो. राष्ट्रीय परीक्षेचे दोन भाग: एकात कायदा, हिशेब, शोकाचं मानसशास्त्र; दुसऱ्यात शरीररचना, सूक्ष्मजीव, रसायन, एम्बाल्मिंग. काही मुलं घरच्या धंद्यातून आलेली असतात. आजोबांचं फ्युनरल होम, वडिलांचं नाव, उमेदवारीची जागा ठरलेली. ज्यांच्या घरात हे काम कुणी केलेलं नाही, त्यांना वर्षभर हाताखाली घेणारा परवानाधारक शोधावा लागतो, आणि छोट्या गावात तो ओळखीशिवाय मिळत नाही. आमच्या मते फ्रॅटर्निटीची किंमत इथे आहे. पदक आणि विधी ठीक. ओळख देणारा जुना सभासद जास्त मोलाचा. शिवाय दिवसभर लहान मुलाच्या देहावर काम केलेल्या विद्यार्थ्याला त्याविषयी जेवणाच्या टेबलावर घरी बोलता येत नाही.

पूर्वी हा पुरुषांचा कंपू होता. 1972 च्या शिक्षणकायद्याने लिंगभेदाला मनाई केली. नंतर सूट मिळाली ती सामाजिक फ्रॅटर्निटींना. व्यावसायिकांना दारं उघडावी लागली. आज या वर्गांत मुली बहुसंख्य आहेत.

अभ्यासक्रमाचा तोलही बदलतो आहे. कारण 2015 च्या सुमारास अमेरिकेत दहनांनी दफनांना मागे टाकलं. तिथलं पहिलं आधुनिक दाहगृह पेनसिल्व्हेनियातलं. 1876 च्या डिसेंबरात तिथे बॅरन द पाम या उमरावाचं दहन झालं. ते घडवून आणणारे कर्नल ऑल्कॉट तीनच वर्षांत थिऑसॉफिकल सोसायटी घेऊन मुंबईत उतरले.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हे नियम माहीत असलेले बरे. 1984 पासून लागू असलेल्या संघराज्याच्या नियमाप्रमाणे छापील दरपत्रक मागितल्यावर द्यावंच लागतं, फोनवरही भाव सांगावा लागतो. कायद्याने एम्बाल्मिंग सक्तीचं आहे असं खोटं सांगता येत नाही. थेट दहनासाठी महागडी शवपेटी घ्या म्हणता येत नाही. साधा पुठ्ठ्याचा डबा चालतो. भारतात पार्थिव आणायचं असेल तर मात्र एम्बाल्मिंगचा दाखला लागतोच. पेसमेकर असेल तर आधी सांगावं, त्याची बॅटरी भट्टीत फुटते. आणि अस्थींचं काय? भट्टीत 760 ते 980 अंश सेल्सिअसवर दोन-तीन तासांनी उरलेली हाडं तिथे यंत्रात दळून पूड करून देतात. अस्थी तशाच हव्या असतील तर दहनाच्या परवानगीपत्रावर सही करतानाच ते लिहून द्यावं. दुसऱ्या दिवशी पिशवी हातात आल्यावर सांगून काही होत नाही.