टायकोच्या दाढीचे केस

(प्राग, जुन्या शहराचा चौक. टीन चर्चचे जोडमनोरे. कॅमेरा आत, खांबाजवळच्या लाल शिळेकडे.)

लाल संगमरवरात कोरलेला हा चिलखतधारी म्हणजे टायको ब्राहे. सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या पदरी असलेला खगोलज्ञ. या शिळेपुढे उभं राहिलं की तीनच गोष्टी कानावर येतात. नाक सोन्याचं होतं. मेजवानीत लघवी रोखून धरली आणि मूत्राशय फुटून मेला. नाहीतर त्याचा सहायक, खगोलज्ञ केप्लर, याने विष घातलं.

नाकापासून सुरुवात करू. १५६६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, रोस्टॉकमध्ये तलवारीच्या द्वंद्वात टायकोच्या नाकाचा तुकडा उडाला. त्या जागी तो धातूचा तुकडा बसवायचा. सोन्याचा, चांदीचा, असं चारशे वर्षं सांगितलं गेलं.

(शिळा उचलली जाते. पेटी. हातमोजे घातलेले हात.)

नोव्हेंबर २०१०. डेन्मार्क आणि चेक प्रजासत्ताकाच्या संशोधकांनी कबर उघडली. नाकाजवळच्या हाडावरच्या हिरवट डागात तांबं आणि जस्त सापडलं, जवळजवळ सारख्या प्रमाणात. म्हणजे पितळ.

मग दाढीचे केस. केस हळूहळू वाढतो आणि त्या त्या आठवड्यात शरीरात काय होतं ते धरून ठेवतो. टायकोच्या केसांत शेवटच्या साधारण आठ आठवड्यांचा हिशेब होता. ज्या विषाचा संशय होता त्या पाऱ्याचं प्रमाण कधीच जीवघेणं नव्हतं; उलट मरणाकडे जाताना ते उतरत गेलं. हाडांनीही तीच साक्ष दिली. पाऱ्याने टायको मेला नाही, आणि केप्लरवरचा आळ ज्या आधारावर उभा होता तो आधारच गेला.

मेजवानीची गोष्ट मात्र खरी, आणि ती लिहून ठेवली केप्लरनेच. १३ ऑक्टोबर १६०१, रोझेनबर्ग या सरदाराच्या घरचं जेवण. शिष्टाचार म्हणून टायको पंगतीतून उठला नाही. घरी आल्यावर लघवी तुंबली, ताप चढला, भ्रम झाला. मूत्राशय फुटल्याचं त्यात कुठेही नाही. २४ तारखेला तो गेला. शेवटच्या रात्री एकच वाक्य घोकत होता: माझं जगणं व्यर्थ गेलं असं वाटू नये.

(किल्ल्यावरची सोनेरी गल्ली. रंगीत बुटकी घरं.)

इथे रुडॉल्फचे किमयागार राहायचे म्हणतात. ही घरं किल्ल्याच्या पहारेकऱ्यांसाठी बांधलेली होती.

(तंत्रसंग्रहालय. लोखंडी षष्ठांश यंत्र, जवळून.)

आणि हे पाहा. आम्ही प्रागला आलो ते यासाठी. १६०० च्या सुमाराचं, टायकोच्या धर्तीचं यंत्र. यात भिंग नाही, नळी नाही. टायकोच्या हाती दुर्बीण देणारी चित्रं चुकीची आहेत. दुर्बीण आली १६०८ मध्ये. या यंत्रावर दोघं लागायचे. एकाने स्थिर भुजेवरून एक तारा धरायचा, दुसऱ्याने फिरती भुजा सरकवत दुसरा गाठायचा, मग कमानीवरचा अंश वाचायचा. पुन्हा, पुढच्या रात्री, थंडीतही. अशा नुसत्या डोळ्यांच्या मोजणीत टायकोची चूक एखाद्या कलेवर, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागावर, आली होती. चंद्रबिंबाची रुंदी साधारण तीस कला. यावरून अंदाज करा.

त्याच्या नोंदी वारसांच्या हाती पडण्याआधी केप्लरने ताब्यात घेतल्या, आणि ते त्याने पुढे कबूलही केलं. मंगळाचं गणित आणि टायकोच्या नोंदी यांत आठ कलांचा फरक पडला, तो त्याने सोडून दिला नाही. १६०९ मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळ ठरली.

(कमानीवरच्या खुणा. पाच सेकंद. निवेदन नाही.)