दुसरा आलेला टेव्ह

ऑगस्ट १९६०. पूर्व जर्मनीतला झाक्सनरिंग हा शर्यतीचा मार्ग. रस्त्याच्या दोन्ही कडांना लाखाहून जास्त माणसं उभी आहेत आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आहे: टेव्ह.

गुस्ताफ-अडोल्फ शूर हे त्याचं पूर्ण नाव, पण त्या नावानं त्याला हाक कोण मारणार? घराघरात तो टेव्हच. १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षं हौशी सायकलपटूंचं जगज्जेतेपद त्यानं जिंकलंय. असं याआधी कुणालाच जमलं नव्हतं. आज तिसऱ्यांदा जिंकायचंय, तेही आपल्या माणसांसमोर.

शर्यत संपत आलीय. पुढे तिघं आहेत. शूर, त्याचा सहकारी बेर्नहार्ड एक्श्टाइन आणि बेल्जियमचा विली व्हँडेनबर्गेन. एक्श्टाइन अचानक मुसंडी मारतो. बेल्जियन मागे वळून शूरकडे बघतो. विजेतेपद याचं आहे, म्हणजे पाठलाग हाच करणार, असा त्याचा हिशेब.

शूर जागचा हलत नाही.

सायकलशर्यतीत पुढचा वारा कापतो, मागच्याचा दम वाचतो. त्यामुळे बेल्जियननं एकट्यानं जोर लावला असता, तर शूर त्याच्या चाकाला चिकटून बसला असता आणि शेवटी त्यालाच मागे टाकून गेला असता. या पेचात तो घुटमळला, तेवढ्यात एक्श्टाइन निसटला. तो पहिला आला. शूर दुसरा.

शूरच्या विजयांपेक्षा लोकांनी हे दुसरं येणंच जास्त जपून ठेवलं, असं मला वाटतं.

शूरचा जन्म १९३१ चा, माग्डेबुर्गजवळच्या हायरोट्सबेर्गचा. वॉर्सा, बर्लिन आणि प्राग या शहरांना जोडणारी ‘शांतता शर्यत’ १९५५ मध्ये जिंकणारा तो पहिला जर्मन. ज्या गावांनी दहा वर्षांपूर्वी जर्मन रणगाडे पाहिले होते, त्याच मुलखातून हा जर्मन सायकल मारत गेला! १९५९ मध्ये ती त्यानं पुन्हा जिंकली. ऑलिंपिकमध्ये दोन्ही जर्मनींच्या एकत्र संघातून तो सांघिक पदकं घेऊन आला, १९५६ मध्ये कांस्य, १९६० मध्ये रौप्य. व्यावसायिक सायकलपटूंची टूर द फ्रान्स ही शर्यत मात्र त्याच्या वाट्याला कधीच आली नाही. पूर्व जर्मनीत व्यावसायिक सायकलपटू नव्हतेच.

देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून लोकांनी त्याला लागोपाठ नऊ वर्षं निवडलं. १९६४ मध्ये तो निवृत्त झाला. तरी पंचवीस वर्षांनी, १९८९ मध्ये, पूर्व जर्मनीचा आजवरचा सर्वांत लोकप्रिय खेळाडू कोण, या प्रश्नाला उत्तर आलं: टेव्ह. त्याच्या आदल्या वर्षी सोलमध्ये त्याच्या मुलानं, यान शूरनं, सांघिक शर्यतीत ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं होतं.

मग तो देशच उरला नाही.

शूर तीन दशकं त्या देशाच्या संसदेत होता. एकीकरणानंतर १९९८ ते २००२ तो जर्मनीच्या संसदेतही बसला. जुन्या क्रीडाव्यवस्थेची बाजू घेणं त्यानं सोडलं नाही. त्याच व्यवस्थेनं नकळत्या वयातल्या मुलींना उत्तेजकं दिली होती आणि त्यांची शरीरं आयुष्यभरासाठी मोडली होती. जर्मन क्रीडाक्षेत्राच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी त्याचं नाव पुढे आलं, तेव्हा या पीडितांनी विरोध केला. त्यांचं दुःख खरं आहे. ते बाजूला सारून शूरची गोष्ट सांगता येणार नाही. २०११ मध्ये त्याला नकार मिळाला. २०१७ मध्ये पुन्हा.

माग्डेबुर्गच्या दक्षिणेला क्लाइनम्यूलिंगेन नावाचं लहानसं गाव आहे. तिथे ‘शांतता शर्यती’चं संग्रहालय उभं राहिलंय. त्या शर्यतीच्या आठवणी जपणाऱ्या माणसांना टेव्ह कोण, हे आजही सांगावं लागत नाही.