कणकेतला कोंडा

श्रोतेहो, नमस्कार.

कणीक चाळली की चाळणीत कोंडा उरतो आणि बहुतेक घरांत तो टाकला जातो. माझी कळकळीची विनंती आहे, तो टाकू नका. कोंड्यात चोथा, म्हणजे अन्नातला न पचणारा तंतुमय भाग, भरपूर असतो, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी असण्याशी त्याचा संबंध दिसतो.

डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक अनेक वर्षं युगांडात होते. इंग्लंडमध्ये नेहमी आढळणारा मोठ्या आतड्याचा कर्करोग तिथल्या खेड्यांतल्या लोकांत क्वचितच दिसतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या लोकांचं जेवण चोथ्याचं, भरड. या दोन गोष्टींचा संबंध असावा, असं त्यांनी १९७१ साली मांडलं. अर्थात, तिथलं सगळं जगणंच वेगळं होतं, त्यामुळे तेवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. पण पुढे युरोपातल्या दहा देशांत पाच लाखांवर माणसांची पाहणी झाली. तिच्यातही चोथा जास्त खाणाऱ्यांत हा कर्करोग कमी आढळला.

असं का व्हावं? चोथा आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथल्या जिवाणूंचं अन्न होतो. त्यातून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्याच्यावर पोसल्या जातात. शिवाय पोट वेळेवर साफ होतं, मळ आतड्यात फार काळ राहत नाही.

मग भाजीतलं सत्त्व गोळीतून घेतलं तर? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांवर तसा प्रयोग झाला. गाजरात असणारं बीटा-कॅरोटीन काहींना रोज गोळीतून दिलं. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला! म्हणून सांगते, गाजर खा, गोळीच्या मागे लागू नका. आणि तंबाखू, मिश्री चालू ठेवून वर कितीही पालेभाजी खाल्ली, तरी तंबाखूचा धोका टळत नाही.

फळं आणि भाज्या मिळून रोज निदान ४०० ग्रॅम खाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बटाटा त्यात धरायचा नाही. माठ, मेथी, शेवग्याचा पाला मात्र धरायचा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, सालीची मुगाची डाळ यांतला चोथा याशिवाय. सवय नसेल तर हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल. पाणीही भरपूर प्या.

ज्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांनी मात्र ताटात काहीही बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. काही उपचारांत चोथा मुद्दाम कमी करावा लागतो.

नमस्कार.