एडविन मोझेस आणि त्याची रोमची रेस

नमस्कार मंडळी! आज बोलूया एडविन मोझेसबद्दल, तोच तो 400 मीटर हर्डल्सवाला (म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीवाला) अमेरिकन. त्याचं नाव निघालं की लोक लगेच 122 चा आकडा फेकतात, सलग 122 रेस जिंकला म्हणून, आणि ते खरंच आहे, जवळजवळ दहा वर्षं या गड्याला कोणी हरवूच शकलं नाही. पण मला विचाराल तर त्याची सगळ्यात भारी रेस ही मालिका तुटल्यानंतरची.

आधी ते 13 पावलांचं प्रकरण सांगतो. एकूण दहा हर्डल्स, दोन हर्डल्समध्ये 35 मीटर. बाकीचे बरेच जण सुरुवातीला 13 पावलं टाकायचे आणि दमले की 14 नाहीतर 15 वर यायचे. आता 14 म्हणजे सम आकडा, मग आधीच्या हर्डलवर जो पाय पुढे होता तो पुढच्याला मागे, दरवेळी पाय बदलायचा आणि तोही छाती फुटायची वेळ आलेली असताना! मोझेसचं पहिल्या हर्डलपासून दहाव्यापर्यंत 13 म्हणजे 13च. शिकत होता फिजिक्स, अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजात, तिथे स्वतःचा ट्रॅकसुद्धा नव्हता, आणि तिथून 1976 ला मॉन्ट्रियलला जाऊन ऑलिंपिक गोल्ड, तेही 47.63 च्या वर्ल्ड रेकॉर्डसकट. 1980 ला अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला, तिथलं गोल्ड हकनाक हुकलं असंच मी म्हणेन. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये परत गोल्ड.

तर ऑगस्ट 1977 मध्ये बर्लिनला पश्चिम जर्मनीच्या हाराल्ड श्मिटने त्याला हरवलं, त्यानंतर ती मालिका सुरू झाली, आणि जून 1987 मध्ये माद्रिदला डॅनी हॅरिसने ती संपवली. पुढे तीनच महिन्यांत रोमला वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, आणि लाइनवर हे दोघंही हजर! मोझेस तेव्हा बत्तिशीचा. शेवटच्या हर्डलनंतर 40 मीटर उरतात, तिथे दोघं त्याला खेटायला आले, तिघांनी एकदमच छाती पुढे टाकली, नुसत्या डोळ्यांनी काही कळेना. निकाल लागला: मोझेस 47.46, हॅरिस 47.48, श्मिट पण 47.48.

पुढच्या वर्षी सोल ऑलिंपिकला तो तिसरा आला, सगळे म्हणाले म्हातारा झाला. पण टायमिंग बघा, 47.56, म्हणजे त्याच्या दोन्ही ऑलिंपिक गोल्डपेक्षा फास्ट.